आचार्यांचा पराभव कोणी केला?

आपल्या नगरच्या भुईकोट किल्ल्यात १९४२ ते १९४५ या काळात नेहरू आणि मौलाना आझाद यांच्यासमवेत आचार्य नरेंद्र देवही स्थानबद्ध होते. बौद्ध तत्त्वज्ञानाचे हे गाढे पंडित फैजाबादेत वाढलेले. १९४८ साली समाजवादी काँग्रेसबाहेर पडले, तेव्हा आचार्यांनी आमदारकीचा राजीनामा दिला आणि फैजाबादेतूनच पोटनिवडणूक लढविली. (पक्ष सोडताना जागाही सोडायची असते, हे आज मुद्दाम सांगावे लागते!) काँग्रेसने त्यांच्यासमोर जन्माने पुणेकर असलेले बाबा राघवदास उभे केले. आचार्य रामाला मानत नाहीत, असा प्रचार झाला. त्यात मुख्यमंत्री पंतही मागे नव्हते. जमीनदारीचा प्रश्न मागे पडला, आचार्य हरले. पुढे दीड वर्षाने, डिसेंबर १९४९ मध्ये, बाबरी मशिदीत मूर्ती ठेवल्या गेल्या.

मतदार भावनेने मत देतो, अशी तक्रार आपण करतो. श्रद्धा त्याची असते, हे खरे; परंतु तिला विद्वेषाचे वळण पुढारी देतात. फैजाबादेत ते वळण कोणा धर्मवादी संघटनेने नव्हे, स्वातंत्र्यलढ्यातून आलेल्या सत्ताधारी पक्षाने दिले. आपल्या जिल्ह्यातही उमेदवार ठरविताना पहिली विचारणा जातीची होते. पाथर्डी-जामखेडच्या पाण्याची पाळी त्यानंतर येते. ती विचारणा बैठकीत होते, मतदानकेंद्रावर नव्हे.