भीड, गाव आणि नागरिक



लहान गावातील सार्वजनिक काम आणि त्यातील सामान्य नागरिकाचा वाटा, हा आजचा विषय. विषय वरवर पाहता साधा दिसतो. गटार तुंबले आहे, पाणी दोन दिवसांआड येते, शाळेच्या आवाराची भिंत पडली आहे. चार माणसांनी एकत्र यावे, अर्ज करावा, पाठपुरावा करावा, काम व्हावे. यात व्याख्यान देण्यासारखे काय आहे, असे कोणासही वाटेल. आणि तरीही गटार तुंबलेलेच राहते, हे आपण सारेच पाहतो. हे असे का होते, याचा थोडा विचार आज आपणांसमोर मांडावा असा आमचा हेतू आहे.

या प्रश्नाची दोन उत्तरे नेहमी दिली जातात. एक, लोक उदासीन आहेत. दोन, लोक भितात. आम्हाला ही दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. ज्या गावात गणेशोत्सवाची वर्गणी आठ दिवसांत गोळा होते, कोणाच्या घरी मृत्यू झाला तर अर्ध्या तासात पन्नास माणसे जमतात, त्या गावाला उदासीन कसे म्हणावे? आणि भीती म्हणावी, तर नळाला पाणी नाही म्हणून विचारणा करणाऱ्यास कोणी सुळावर चढवीत नाही. खरे कारण निराळे आहे. ते कारण म्हणजे भीड.

मोठ्या शहरात रस्त्याचा ठेकेदार कोण, हे आपल्याला ठाऊक नसते. त्याच्याविरुद्ध तक्रार करताना जीभ अडखळत नाही. लहान गावात तो ठेकेदार आपल्या मेहुण्याचा व्याही असतो. नगरसेवक आपल्याच वर्गात शिकलेला असतो. नगरपालिकेतील कारकुनाची मुलगी आपल्या मुलीची मैत्रीण असते. उद्या लग्नाच्या पंगतीत हे सारे शेजारी बसणार आहेत. मग मनुष्य विचार करतो, एवढ्या गटारासाठी कशाला वाईटपणा घ्या! भीड ही भिकेची बहीण, असे आपले पूर्वज म्हणत, ते व्यवहारापुरते. सार्वजनिक जीवनात ती त्याहून जड पडते. एकट्याची भीड एकट्यालाच भिकेस लावते. सर्वांची भीड गावाला लावते.

परंतु भीड हा निव्वळ दुर्गुण आहे, असेही आम्ही म्हणणार नाही. ती आपुलकीचीच दुसरी बाजू आहे. ज्या ओळखीपायी तोंड उघडत नाही, त्याच ओळखीपायी मध्यरात्री आजाऱ्याला दवाखान्यात न्यायला चार हात पुढे येतात. तेव्हा प्रश्न भीड सोडण्याचा नाही. संबंध न तोडता प्रश्न कसा विचारावा, हा आहे. या बाबतीत आपल्याच देशातील काही माणसांनी केलेले प्रयोग पाहण्यासारखे आहेत.

राजस्थानात देवडुंगरी नावाचे एक लहानसे खेडे आहे. तेथून काम करणारी मजूर किसान शक्ती संघटना १ मे १९९० रोजी स्थापन झाली. अरुणा रॉय, निखिल डे, शंकर सिंह ही त्या कामातील माहीत असलेली नावे. पण बळ होते ते दुष्काळी कामावर राबणाऱ्या स्त्रीपुरुषांचे. सरकारने ठरविलेली किमान मजुरी त्यांच्या हाती पूर्ण पडत नव्हती. विचारले तर उत्तर मिळे, तुम्ही काम कमी केले असे कागदात लिहिले आहे. कागद दाखवा म्हटले, तर तो गुप्त! येथून त्या मंडळींना एक गोष्ट उमगली, की भांडण माणसाशी नसून त्या झाकलेल्या कागदाशी आहे. डिसेंबर १९९४ मध्ये कोटकिराना या गावी त्यांनी पहिली जनसुनावणी भरविली. मांडव घातला आणि मिळविलेली कागदपत्रे, हजेरीपट, बिले सर्वांसमक्ष मोठ्याने वाचली. ज्याचे नाव मजूर म्हणून वाचले जाई, तोच समोर उठून उभा राही, आणि या कामावर आपण गेलोच नव्हतो असे सांगे. कोणी कोणास चोर म्हणण्याची गरज उरली नाही. कागदच बोलू लागला.

पुढे एप्रिल १९९६ मध्ये ब्यावर या व्यापारी गावात त्यांनी चाळीस दिवस धरणे धरले. आपल्यासारख्या गावकऱ्यांनी येथे लक्ष द्यावे, कारण मागणी खेड्यातील मजुरांची होती, आणि तिला आधार दिला त्या गावातील दुकानदारांनी, कामगारांनी, सामान्य रहिवाशांनी. या व अशा अनेक प्रयत्नांतून माहितीच्या अधिकाराचा विचार देशभर पसरला. महाराष्ट्राने तसा कायदा २००२ मध्ये केला, आणि सबंध देशाचा कायदा २००५ मध्ये आला. आज दहा रुपयांच्या शुल्कात, साध्या कागदावर अर्ज करता येतो, आणि अधिकाऱ्याने तीस दिवसांत उत्तर द्यावयाचे असते. या कायद्यातील एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. नक्कल मागण्यावर हा अधिकार थांबत नाही. चालू कामाची पाहणी करण्याचा, आणि त्यात वापरलेल्या मालाचा प्रमाणित नमुना घेण्याचाही अधिकार नागरिकास आहे.

आम्ही राहतो त्या पेठेत काही मंडळींनी हा मार्ग धरून पाहिला. एका गल्लीच्या काँक्रीटीकरणाचे अंदाजपत्रक रीतसर मागविले. ते मराठीत सोपे करून लिहिले आणि मारुतीच्या देवळाच्या भिंतीवर लावले. लांबी इतकी, रुंदी इतकी, जाडी इतकी, बस्स, एवढेच. आरोपाचा एक शब्द नाही. दुसऱ्या दिवशी शाळकरी पोरे टेप घेऊन रस्ता मोजू लागली. ठेकेदारही ते वाचून गेला. जाडी कमी भरत होती तो तुकडा त्याने पुन्हा केला, आणि पुढच्या महिन्यात त्याच्याच घरच्या बारशाला आम्ही सारे जेवून आलो. अर्ज एकाच्या नावाने न करता पाच जणांनी पाच केले होते, हेही सांगितले पाहिजे. भीड एकट्याला पडते. पाच जण एकच प्रश्न विचारतात, तेव्हा तो गावाचा प्रश्न होतो.

आता, बंधुभगिनींनो, एक गंभीर गोष्ट. गाव एकत्र आले की न्याय झाला, अशी समजूत आपण करून घेऊ नये. महाडचे उदाहरण आपल्या महाराष्ट्राचेच आहे. १९२३ मध्ये रावबहादुर बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात मंजूर झाला. सार्वजनिक पैशाने चालणारी पाणवठ्याची स्थाने अस्पृश्यांना खुली करावी, असा तो ठराव. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये त्याला अनुसरून चवदार तळे खुले केले. म्हणजे कागद स्वच्छ होता. पण तीन वर्षे त्या तळ्याकडे एकही पाऊल पडू शकले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह तेथे गेले आणि पाणी प्याले, तेव्हा त्या ठरावाला प्राण आला. आणि गावाने काय केले? परतणाऱ्या माणसांवर हल्ला केला, तळ्याची शुद्धी केली. त्याच वर्षी ४ ऑगस्टला नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला. प्रकरण न्यायालयात गेले, आणि अखेर १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते तळे सर्वांचे ठरविले.

यातून दोन बोध निघतात. पहिला, ठराव हे कामाचे अर्धेच अंग आहे. त्यावर चालणारी पावले हे दुसरे. दुसरा बोध अधिक कडू आहे. गावाचे बहुमत गावातल्याच माणसांवर अन्याय करू शकते. म्हणून कोणत्याही नागरिक मंडळाने पहिला प्रश्न स्वतःलाच विचारावा, की या बैठकीत कोण आलेले नाही? वेशीपलीकडची वस्ती आली आहे काय? स्त्रिया आल्या आहेत काय? भाड्याने राहणारे, सफाईचे काम करणारे आले आहेत काय? ते नसतील, तर आपण गावाचे म्हणून जे बोलतो ते फक्त आपल्या आळीचे असते.

या प्रश्नाला गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा या लहानशा गोंड गावाने आपल्यापरीने उत्तर दिले आहे. देवाजी तोफा आणि त्यांचे सोबती यांनी तेथे एक रीत पाडली, की निर्णय बहुमताने घ्यावयाचा नाही, सर्वसहमतीने घ्यावयाचा. एकाचाही विरोध असेल तर थांबावयाचे, पुन्हा बोलावयाचे. निर्णयाच्या सभेहून वेगळा असा अभ्यासगटही त्यांनी चालविला. तेथे निर्णय नाही, केवळ समजून घेणे. मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे कार्यकर्ते त्यात सोबतीस असत. ही रीत संथ आहे खरी. पण तिचे फळ पाहा. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबूच्या वाहतूक परवान्यासाठी मात्र पुढेही झगडावे लागले. एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले.

आपण म्हणाल, त्यांना ग्रामसभा आहे, आम्हाला काय आहे? आक्षेप रास्त आहे. ७३व्या घटनादुरुस्तीने खेड्यातील प्रत्येक मतदाराला ग्रामसभेत बसविले. ७४व्या दुरुस्तीने शहरांसाठी प्रभाग समित्या सांगितल्या, पण त्यांची सक्ती तीन लाख वा त्याहून अधिक वस्तीच्या शहरांनाच. आपल्यासारखी नगरपालिकेची गावे मधल्यामध्ये राहिली. खेड्यातला मतदार सभेत उठून हिशेब विचारू शकतो, आणि आपण पाच वर्षांनी एकदा बोटाला शाई लावून घरी येतो. परंतु कायद्याने सभा दिली नाही, तरी सभा भरविण्यास मनाई कोणी केली आहे? महिन्यातून एक ठरलेला वार, एक ठरलेली जागा, एका पेठेपुरती बैठक. एका वेळी एकच प्रश्न. झाले ते वहीत लिहावयाचे आणि पुढच्या बैठकीत आधी ते वाचावयाचे. नगरसेवकाला बोलवावे, आरोपी म्हणून नव्हे, पाहुणा म्हणून. मोबाईलवर रागाचे चार शब्द धाडणे सोपे आहे. त्याने मन हलके होते, गटार हलके होत नाही.

आणि एक अट. दुसऱ्याचा हिशेब मागण्यापूर्वी आपला फळ्यावर लिहावा. उत्सवाची वर्गणी किती जमली, खर्च किती, शिल्लक किती, हे ज्या मंडळाने चौकात लिहिले, त्याच्या तोंडी नगरपालिकेच्या हिशेबाचा प्रश्न शोभतो. ज्याने लिहिले नाही, त्याला उत्तर मिळण्याऐवजी उलटा प्रश्न मिळतो, आणि तो योग्यच असतो.

मोठ्या क्रांतीचे आश्वासन आम्ही आपणांस देत नाही. बैठकीला पहिल्या महिन्यात वीस माणसे येतील, तिसऱ्या महिन्यात सहा. त्या सहांनी वही बंद करू नये, एवढेच आमचे सांगणे आहे. कारण सातवा मनुष्य येतो तो ती वही अजून चालू आहे हे पाहूनच. लोकशाही दिल्लीत असते आणि आपण तिला मत देतो, हा समज सोडून देऊ या. ती आपल्या गल्लीच्या लांबी-रुंदीत असते, आणि ती मोजावी लागते.