दिवेलागणीनंतरची शाळा



तुम्ही सर्वजण आता वाचायला शिकलात. फार चांगले झाले. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. विळा रोज वापरला की त्याची धार राहते. वळचणीला खोचून ठेवला की गंज चढतो. अक्षराचेही तसेच आहे. वापरले नाही तर विसरते. म्हणून आज पुढच्या शिक्षणाविषयी बोलतो.

आपल्या गावची कितीतरी माणसे मुंबईच्या उपनगरांत पोटासाठी राहतात. कोणी अंधेरीला कारखान्यात, कोणी घाटकोपरला दुकानात, कोणी मुलुंडला, बोरिवलीला घरकामाला. ती म्हणतात, "गुरुजी, दिवसभर राबतो. शिकायचं कधी?"

याचे उत्तर जुने आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. ना. म. जोशी यांनी मुंबईत १९११ साली सोशल सर्व्हिस लीग ही संस्था स्थापन केली. तिने कामगारांसाठी रात्रशाळा व वाचनालये चालवली. १९६७ साली वरळीला देशातले पहिले श्रमिक विद्यापीठ निघाले. नाव विद्यापीठ, पण शिक्षण रोजच्या कामाचे. पुढे अशा संस्थांना जनशिक्षण संस्थान हे नाव मिळाले. तिथे निरक्षर व नवसाक्षर माणसांना शिवणकामासारखे हुन्नर शिकवतात.

रात्रशाळेत दहावीपर्यंत शिकता येते. पेपर तोच, बोर्डही तेच. रात्रीची दहावी म्हणजे कमी दहावी नव्हे!

त्यापुढे कॉलेज आहे. कॉलेज म्हणजे फक्त तरण्या पोरांचे, असे समजू नका. काही कॉलेजांत संध्याकाळी लहान लहान अभ्यासक्रम चालतात. कुठे हिशेब लिहिणे, कुठे कॉम्प्युटर, कुठे इंग्रजी बोलणे. मुंबई विद्यापीठात तर आजीवन अध्ययनाचा निराळा विभाग आहे. आजीवन अध्ययन म्हणजे जन्मभर शिकणे. बायकांसाठी महर्षी कर्वे यांनी १९१६ साली निराळे विद्यापीठ काढले. त्याची एक मोठी जागा उपनगरात, जुहूला आहे.

पण घाई करू नका. पैसे भरण्याआधी चार गोष्टी विचारा.

एक, सर्टिफिकेट कोण देणार? सरकार, बोर्ड, विद्यापीठ, की नुसता क्लासवाला?

दोन, एकूण फी किती? मागाहून आणखी काही भरावे लागेल का?

तीन, पावती मिळेल ना? पावतीवरचा आकडा स्वतः वाचा. आता तुम्हाला वाचता येते. दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहू नका.

चार, वर्ग किती वाजता सुटतो? घर लांब असेल, तर जवळचा वर्ग बरा. दमलेला माणूस लांबचा वर्ग लवकर सोडतो.

आता घरच्यांना सांगतो. मुलगा शिकायला निघाला, की आपण त्याला लवकर जेवायला वाढतो. सून निघाली की विचारतो, "मग भाकरी कोण थापणार?" हे बरे नाही. दोन तास तिचे काम दुसऱ्याने उचलावे. वर्गात नाव घालणे सोपे असते. घरची साथ नसली, तर महिन्याभरात नाव गळते.

कोणी म्हणेल, "आता या वयात कशाला?" वय तसेही वाढणारच आहे. न शिकता वाढण्यापेक्षा शिकत वाढलेले काय वाईट?

आता एक काम सांगतो. तुमचा मुलगा, भाऊ, लेक मुंबईला असेल, तर आज त्याला चार ओळींचे पत्र लिहा. विचारा, "तुझ्या जवळ रात्रशाळा आहे का? नाव घातलेस का?"

आईबापाच्या हातचे अक्षर पाहून त्याला उत्तर द्यावेच लागेल!