तांदळाच्या डब्यातले पैसे

शंभराची नोट जवळ असेल तर जरा उलटी करून पाहा. डाव्या बाजूला एक छोटी पट्टी आहे. तीत 15 भाषांमध्ये 'शंभर रुपये' लिहिलेले आहे. मराठी आठव्या ओळीत, उर्दू अगदी तळाशी. मी कविता लिहितो ती भाषा आठवी, माझे आजोबा पत्रे लिहीत ती पंधरावी. फोनवरून पैसे देताना ही पट्टी दिसत नाही. तिथे नुसता आकडा.

हा बदल एका रात्रीत झाला असे म्हणतात. तसे नाही. यूपीआय सुरू झाले 11 एप्रिल 2016 रोजी, नोटाबंदी आली 8 नोव्हेंबरला, आणि भाजीवाल्याच्या हातगाडीवर तो काळा-पांढरा चौकोन दिसायला पुढे काही वर्षे गेली. ऑगस्ट 2025 या एकाच महिन्यात यूपीआयवर 2000 कोटींहून जास्त व्यवहार झाले. गंमत अशी की, रोकडही आटलेली नाही. नोटाबंदीपूर्वी 18 लाख कोटींच्या आसपास असलेले चलन मार्च 2025 पर्यंत दुपटीवर गेले. माणसे देतात फोनने आणि जपून ठेवतात कागद.

का जपतात, ते आमच्या सोलापुरात नीट कळते. इथे हजारो बायका विड्या वळतात. पाने-तंबाखू घरी आणायची, वळून कारखान्यात न्यायची, मोजून द्यायची. पूर्वी मजुरी हातात पडे. त्यातले वीस-तीस रुपये पदराच्या गाठीला, तिथून तांदळाच्या डब्यात. घरधन्याला पत्ता नसे. मुलीची फी, आईचे औषध, कुणाच्या बाळंतपणाची ओटी, सगळे त्या डब्यातून. नोटाबंदीत हे डबे नवऱ्यांसमोर उघडावे लागले. काळा पैसा शोधायला निघालेल्या सरकारला आधी सापडला तो हा पैसा.

मग 2017 मध्ये कायदा बदलला. कामगाराची लेखी संमती न घेताही मजुरी खात्यात भरता येऊ लागली. तुम्ही म्हणाल, बरे झाले. दारुड्याच्या हातात पडण्यापेक्षा खात्यात बरे. खरे आहे, आमच्या गल्लीत दोन घरे त्यानेच सावरली. पण खाते बाईच्या नावावर, आणि त्याला जोडलेला मोबाइल कुणाचा? पैसे जमा झाल्याचा संदेश टुणकन वाजतो तो नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या खिशात. बाईला तिची मजुरी आली हे घरात सर्वांत शेवटी कळते. पैशाची चोरी थांबली असेल, पण बाईचे गुपितही गेले, आणि त्या गुपितावर तिची निम्मी सत्ता चालत होती.

दानाचेही तसेच. या हाताचे त्या हाताला कळू नये, असे आमच्याकडेही सांगतात आणि तुमच्याकडेही. आता पन्नास रुपये दिले की दुकानातला डबा साऱ्या पेठेला ओरडून सांगतो. रमजानमध्ये पहाटे सहरीला उठवणारा बाबा ईदच्या दिवशी दारात येतो, त्याच्या झोळीत मात्र अजून नोटच पडते. ईदीचे म्हणाल, तर नातवंडे अजून कोरी करकरीत नोट मागतात. तिचा वास घेतात. पुण्यातला एक भाचा तेवढा 'मामू, पाठवून द्या' म्हणतो. त्याला मी मुद्दाम एक रुपया कमी पाठवतो.

मी स्वतः फोनने पैसे देतो. सुट्ट्यांसाठी कंडक्टरशी होणारी भांडणे मिटली, याचे मला सुखच आहे. पण परवा शेजारच्या खालांनी एक काम सांगितले. बँकेत जाऊन खात्याला त्यांचा स्वतःचा नंबर जोडायचा होता. त्यासाठी त्यांनी बटणांचा साधा फोन घेतला होता. विचारले, 'फोन ठेवणार कुठे?' त्या हसल्या. म्हणाल्या, 'तांदळाच्या डब्यात.'