घटनेच्या आधीची बैठक

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्षाचा हिशेब वाचून झाला, स्पर्धांची बक्षिसे वाटून झाली आणि आता चहा येईपर्यंतचा वेळ आपण माझ्या स्वाधीन केला आहे. चहा निवणार नाही अशा बेतानेच मी बोलणार आहे. विषय मात्र हलका नाही. शहराची सुरक्षितता आणि हिंसेला आळा या गोष्टींचा सतत विचार करणारे एक सल्लागार मंडळ महानगरपालिकेने नेमावे, असे निवेदन आपण यंदा द्यावे, अशी सूचना कार्यकारिणीपुढे आली आहे. आपणही मंडळ आणि तेही मंडळ, असा घोटाळा नको, म्हणून मी त्याला 'सल्लागार आयोग' असे म्हणते.

या सूचनेवर दोन आक्षेप माझ्या कानांवर आले. काही भगिनींचे म्हणणे असे, की हे पोलिसांचे काम. हळदीकुंकू, शिवणवर्ग आणि बालवाडी चालविणाऱ्या बायकांनी त्यात पडू नये. दुसऱ्या काही जणी म्हणतात, "समित्या काय थोड्या आहेत? आणखी एक होईल, चहाबिस्किटे खाईल आणि ठराव करून उठेल." दोन्ही आक्षेप अनुभवाच्या पोटी आलेले आहेत. त्यांना उत्तर दिल्यावाचून निवेदनावर सह्या मागण्याचा मला अधिकार नाही.

आपल्याकडे आयोग म्हटला की चौकशी आयोग डोळ्यांपुढे येतो. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत दंगली झाल्या. न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांचा आयोग जानेवारी १९९३ मध्ये नेमला गेला आणि त्याचा अहवाल सरकारच्या हाती पडला तो फेब्रुवारी १९९८ मध्ये. त्या दंगलींत ९०० माणसे मेली, असे त्या अहवालात नमूद आहे. न्यायमूर्तींनी श्रम घेऊन खरेखोटे निवडले, त्याचे मोल मोठेच आहे. परंतु चौकशी आयोगाचे काम सुरू होते ते चिता विझल्यावर आणि कबरी बुजल्यावर. आपण मागतो आहोत तो आयोग आधी बसणारा आहे. तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे घरात आपण मुलांना शिकवितो. शहराला ते कोणी शिकवायचे?

आधी बसून काय साधते, असे आपण विचाराल. त्याचे उत्तर आपल्याच महाराष्ट्रात, भिवंडीत आहे. यंत्रमागांचे ते गाव. १९७० मध्ये आणि पुन्हा १९८४ मध्ये तेथे भीषण दंगली झाल्या. पुढे १९८८ च्या सुमारास सुरेश खोपडे हे पोलीस उपायुक्त म्हणून तेथे आले आणि त्यांनी मोहल्ल्यामोहल्ल्यांतून समित्या स्थापन केल्या. त्या समित्यांत हिंदू होते, मुसलमान होते आणि त्या भागात नेमलेला पोलीसही होता. पुढाऱ्यांपेक्षा साध्या रहिवाशांना तेथे मान होता. बैठकीत बोलणे व्हायचे ते नळाचे, कचऱ्याचे, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या किरकोळ भांडणांचे. ऐकणाऱ्याला वाटावे, यात दंगल थांबविण्यासारखे आहे तरी काय? पण महिन्यामागून महिने एका सतरंजीवर बसलेली माणसे एकमेकांना नावाने हाक मारू लागली. अफवा उठली तर ती खरी की खोटी, हे कोणाच्या घरी जाऊन विचारायचे, ते त्यांना ठाऊक झाले. १९९२-९३ मध्ये मुंबई जळत असताना एवढ्या जवळची आणि पूर्वी दोनदा होरपळलेली भिवंडी शांत राहिली. दंगलींनंतर मुंबईतही १९९४ मध्ये मोहल्ला कमिटीची चळवळ उभी राहिली. निवृत्त पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो, तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी आणि सुशोभा बर्वे यांची नावे तिच्याशी जोडलेली आहेत.

भिवंडीची गोष्ट सांगताना तिची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जुलै २००६ मध्ये त्याच भिवंडीत पोलीस ठाण्याच्या एका बांधकामावरून दंगल उसळली. गोळीबारात माणसे मेली आणि जमावाने दोन पोलिसांचे प्राण घेतले. चांगला अधिकारी येतो, घडी बसवितो आणि त्याची बदली होते. मागे राहिलेली घडी कोण सांभाळणार, याची नियमात तरतूद नसेल तर ती विसकटायला वेळ लागत नाही. म्हणून आपण एखाद्या सज्जन अधिकाऱ्याच्या मर्जीवर चालणारी समिती मागत नाही. महापालिकेच्या ठरावाने नेमलेला, अधिकारी बदलले तरी न बदलणारा आयोग मागतो आहोत.

आता पोलिसांचे काम पोलिसांनी करावे, या आक्षेपाकडे वळते. गुन्हेगाराला पकडणे हे त्यांचेच काम, त्यात आपण लुडबूड करू नये, हे मला मान्य आहे. परंतु पोलिसांना कळते किती? वेल्समधील कार्डिफ शहरात जोनाथन शेफर्ड नावाचे एक शल्यविशारद आहेत. मारामारीत मोडलेले जबडे जोडणे हे त्यांचे काम होते. त्यांच्या ध्यानात आले, की रुग्णालयात येणाऱ्या कितीतरी जखमींची पोलिसांकडे नोंदच नसते. कोणी भीतीने तक्रार करीत नाही, कोणी लाजेने. मग त्या रुग्णालयात, नाव वगळून, तीन गोष्टी लिहून घेऊ लागले: मार कुठे बसला, केव्हा बसला आणि कशाने बसला. १९९० नंतरच्या दशकात डॉक्टर, पोलीस आणि नगरपालिका यांचा एक गट ही माहिती समोर ठेवून नियमाने बसू लागला. कोणत्या गल्लीत कोणत्या वारी रात्री गस्त हवी, कोणत्या मद्यालयात काचेच्या पेल्याऐवजी न फुटणारा पेला द्यावा, असे साधे उपाय त्यातून निघाले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की तशाच इतर शहरांच्या मानाने कार्डिफमध्ये हिंसेने जखमी होऊन रुग्णालयात भरती होणाऱ्यांचे प्रमाण सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी झाले. नवा कायदा नाही, वाढीव शिक्षा नाही. दवाखान्याला जे ठाऊक होते ते चौकीला आणि पालिकेला कळले, एवढेच.

भगिनींनो, मला आज जे सांगायचे आहे ते हेच. हिंसेची चाहूल शहरात कोणाला ना कोणाला आधी लागलेली असते. ती परिचारिकेला लागते, शाळेतल्या बाईंना लागते, बसच्या वाहकाला लागते, आणि पाण्याच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईला तर सर्वांत आधी लागते. ही सारी माहिती सुट्या मण्यांसारखी विखुरलेली आहे. ती ओवायला दोरा नाही. सल्लागार आयोग म्हणजे तो दोरा.

यातले पुष्कळसे मणी बायकांच्या ओटीत आहेत, म्हणून बायकांवाचून हा आयोग अपुरा राहील. कॅनडातील टोरांटो शहरात १९८० नंतरच्या दशकात स्त्रियांवरील अत्याचारांनी घबराट झाली. तेव्हा तेथील स्त्रियांच्या एका संस्थेने, मेट्रॅक तिचे नाव, १९८९ मध्ये एक साधी पद्धत बसविली. अंधार पडल्यावर बायकांनी टोळीने आपल्या वस्तीतून चालत जायचे आणि कुठे भीती वाटते व का वाटते, ते टिपून घ्यायचे. याला सुरक्षा-पाहणी म्हणतात. पुढे दिल्लीत जागोरी या संस्थेने अशा पाहण्या केल्या. त्याच टोरांटोत १९९१ पासून रात्री एकट्या प्रवास करणाऱ्या स्त्रीने सांगितले, तर दोन थांब्यांच्या मध्ये, तिच्या घराजवळ बस उभी करण्याची सोय झाली. या सोयीला नवी बस लागली नाही की नवा पूल लागला नाही. लागली ती रात्री बसमधून उतरून घरापर्यंत जीव मुठीत धरून चालणाऱ्या बाईची अक्कल. ती अक्कल नकाशात सापडत नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर आपल्यापैकी आठ-दहा जणी वही-पेन्सिल घेऊन तीन संध्याकाळ आपल्या प्रभागातून हिंडलो, ते आपणांस आठवतच असेल. मंडईमागच्या बोळात दिव्याचा खांब होता, दिवाही लागत होता, पण त्याचा उजेड झाडाच्या फांद्यांत अडकून जमिनीपर्यंत पोचत नव्हता. कागदोपत्री त्या बोळात दिवा आहे. बायकांच्या स्वच्छतागृहाला रात्री नऊनंतर कुलूप असते, त्यामुळे फुले-भाजी विकणाऱ्या बायका संध्याकाळपासून पाणीच पीत नाहीत. देशी दारूच्या दुकानासमोरूनच शिकवणीचा रस्ता जातो, म्हणून दोन घरांनी मुलींची शिकवणी बंद केली. फांदी छाटणे उद्यान विभागाकडे, दिवा विद्युत विभागाकडे, कुलूप ठेकेदाराकडे आणि दुकानाचा परवाना राज्य सरकारकडे. एकेका दाराशी गेले तर प्रत्येक जण दुसऱ्या दाराकडे बोट दाखवितो. ही सारी दारे एका खोलीत उघडावीत, एवढीच आपली मागणी आहे.

आणि आणखी एक दार आहे, ते आपल्या घराचे. रस्त्यावरच्या हिंसेबद्दल सभेत बोलणे सोपे. उंबऱ्याच्या आतल्या हिंसेबद्दल आवाज खाली येतो. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, महाराष्ट्रातील विवाहित स्त्रियांपैकी शंभरात सुमारे पंचवीस जणींनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचे सांगितले. आज या सभागृहात आपण शंभराच्या आसपास आहोत. हा आकडा ऐकून इकडेतिकडे पाहू नका, मनात ठेवा. १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयातच महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला आणि शिकलेल्या समाजसेविका पोलिसांच्या शेजारी बसू लागल्या. २००५ मध्ये कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध कायदा झाला, संरक्षण अधिकारी आले. तरी शेजारच्या भिंतीतून रडणे ऐकू आले तर कोणाकडे जावे, हे आपल्यापैकी किती जणींना ठाऊक आहे? जो आयोग हे घराघरांत पोचविणार नाही, त्याला सुरक्षिततेचे नाव शोभणार नाही.

आता दुसरा आक्षेप, चहाबिस्किटांचा. तो मला अधिक जवळचा वाटतो. म्हणून निवेदनात आयोगाच्या कामाची रीतच लिहावी, असे मी सुचविते. त्याच्या सभासदांत निम्म्या स्त्रिया असाव्यात आणि त्यांत फेरीवाल्या, घरकाम करणाऱ्या व वस्तीत राहणाऱ्या बायका असाव्यात. सगळ्या आपल्यासारख्या सोसायटीतल्या नकोत. सरकारी रुग्णालयातील डॉक्टर, शिक्षक, परिवहन सेवेतील कोणी आणि पोलीस अधिकारी असावेत. पोलीस दल राज्य सरकारच्या हाती आहे, महापालिकेच्या नाही. तेव्हा त्या खात्याला रीतसर निमंत्रण द्यावे लागेल. दर महिन्याला एक बैठक व्हावी आणि तिचा वृत्तांत मराठीत प्रभाग कार्यालयाच्या फलकावर लागावा. आयोगाला हुकूम करण्याचा अधिकार नसेल, हे खरे. पण त्याने दिलेल्या प्रत्येक सल्ल्याला आयुक्तांनी साठ दिवसांत लेखी उत्तर द्यावे: मान्य असेल तर केव्हा करणार, अमान्य असेल तर का. ज्याला उत्तर द्यावेच लागते, तो सल्ला केराच्या टोपलीत टाकता येत नाही.

एक सावधगिरीही सांगते. कोणाची मुलगी कोणाबरोबर बोलत होती, कोणाकडे रात्री कोण पाहुणा आला, कोणती वस्ती कोणत्या जातीची नि धर्माची, असल्या चौकश्या या आयोगाने कधीही करू नयेत. सुरक्षिततेच्या नावाखाली मुलींना घरात कोंडणे हा उपाय पुष्कळांना आवडतो, कारण त्याला खर्च येत नाही. तो खर्च मुलगी जन्मभर भरते. रात्री रस्त्यावर बायका दिसू नयेत, अशी आपली इच्छा नाही. त्या दिसाव्यात, निर्धास्त दिसाव्यात, यासाठी ही खटपट आहे. दुसरे असे, की आयोगापुढे माणसांची नावे येऊ नयेत. ठिकाण, वेळ आणि कारण एवढेच यावे. नावे आली की बायका बोलायच्या थांबतील.

आपले मंडळ लहान आहे. पण भिशीचा हिशेब पैपर्यंत जुळविणाऱ्या, बालवाडीचे हजेरीपुस्तक एक दिवस न चुकविणाऱ्या बायका येथे आहेत. महिन्यामागून महिने, गाजावाजा न करता, एकाच कामाला बसणे हे आपल्याला येते आणि अशा आयोगाला नेमका हाच गुण लागतो. आयोगाने वाचविलेल्या माणसाचे नाव कधीच छापून येणार नाही, कारण त्याला काही झालेलेच नसेल. तसल्या कामाची सवय बायकांना आहे. घरात जे बिघडले नाही, त्याचे श्रेय आपल्याला कोणी कधी दिले आहे?

निवेदनाचा मसुदा दाराजवळच्या टेबलावर ठेवला आहे. वाचा, चुका दाखवा, आपल्या गल्लीतली भर घाला आणि मगच सही करा. सही करणाऱ्या प्रत्येकीने जानेवारीतल्या पाहणीसाठी एक संध्याकाळही लिहून द्यावी, अशी विनंती आहे. बॅटरी मंडळाकडे दोनच आहेत. ज्यांच्याकडे असेल त्यांनी आपापली आणावी.