चिन्ह कोणाच्या घरचे?



संगणकाच्या भाषेवर कामगार चळवळीतल्या माणसाने का बोलावे, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. माझे शिक्षण शाळेपेक्षा कारखान्याच्या दारात आणि रात्रीच्या वाचनात अधिक झाले. पण आज कामगाराचा पगार संगणक मोजतो, आणि ज्या भाषेत आपली भाकरी मोजली जाते ती भाषा आपल्याला थोडी तरी कळली पाहिजे, असे मी मानतो.

आमच्या कामातला एक अनुभव प्रथम सांगतो. ‘वेतन’ हा शब्द साधा वाटतो. पण १९४८ च्या किमान वेतन कायद्यात घरभाडे भत्ता वेतनात धरलेला होता आणि १९६५ च्या बोनस कायद्याने तो वगळला होता. म्हणून वाटाघाटीत आमचा पहिला प्रश्न असे : वेतन म्हणजे कोणत्या कायद्यातले?

हाच प्रश्न हॅस्केल या भाषेत चिन्हांबाबत उभा राहतो. हॅस्केल करी या तर्कशास्त्रज्ञाचे नाव असलेल्या या भाषेचा पहिला अहवाल १९९० साली निघाला. तिच्यात सारे काम फंक्शनांनी चालते. बहुतेक फंक्शनांचे नाव आधी येते आणि ज्यांवर काम करायचे त्या वस्तू मागून. पण बेरजेचे चिन्ह आपण दोन आकड्यांच्या मध्ये लिहितो, तशी मध्ये उभी राहणारी चिन्हे येथे कोणालाही नव्याने घडवता येतात. ती निरनिराळ्या मॉड्यूलांत, म्हणजे आज्ञांच्या निरनिराळ्या कपाटांत, ठेवलेली असतात.

आता अडचण पाहा. ‘मॅप’ मॉड्यूलमधले उद्गारचिन्ह नावावरून नोंद शोधते. ‘अ‍ॅरे’मधले उद्गारचिन्ह क्रमांकावरून. दोन्ही कपाटे सताड उघडून नुसते उद्गारचिन्ह लिहिले, तर हॅस्केल काम थांबवते आणि विचारते, ‘यांतले कोणते?’ मग उपाय असा, की चिन्हाच्या आधी घराचे नाव लावायचे :

दर मॅप.! विणकर

म्हणजे दरांच्या तक्त्यात विणकराचा दर शोध. नाव लावले तरी चिन्ह मध्येच राहते आणि त्याचा अग्रक्रमही बदलत नाही. मात्र नाव, टिंब आणि चिन्ह यांत जागा सोडायची नाही. कारण सुटे टिंब हे तेथे स्वतःच दोन फंक्शने जोडणारे चिन्ह आहे. दुसरा उपाय, कपाटातून हवे तेवढेच चिन्ह नाव घेऊन मागवायचे आणि बाकीचे बंद ठेवायचे.

ओकॅमल नावाच्या भाषेची रीत निराळी. तेथे दोन मॉड्यूले एकापाठोपाठ उघडली, तर शेवटी उघडलेल्याचे चिन्ह आधीच्यावर पडदा टाकते, आणि बहुधा गुपचूप. प्रकार जुळले नाहीत तर चूक पकडली जाते. जुळले तर हिशेब वेगळा होऊनही कोणी ओरडत नाही. म्हणून २०१० पासून त्या भाषेत सोय आहे, की मॉड्यूलचे नाव, टिंब आणि कंस लिहावा. त्या मॉड्यूलची चिन्हे त्या कंसापुरतीच चालतात. कंस मिटला की त्यांची सत्ता संपली.

कोणी म्हणेल, एवढी नावे लावली तर ओळ कुरूप दिसते आणि चिन्हाची मौज जाते. तक्रार खोटी नाही. एल्म भाषेच्या कर्त्यांनी तर २०१८ साली नवी चिन्हे घडवण्याची मुभाच सामान्य लेखकांकडून काढून घेतली. मला तो मार्ग टोकाचा वाटतो. चिन्हे जवळ जवळ आणली की लांबलचक हिशेब एका नजरेत येतो, हा लाभ सोडू नये.

परंतु लिहिणारा एकदा लिहितो, वाचणारे पुढे वर्षानुवर्षे वाचतात. उद्या एखाद्या कामगाराने आपल्या कापलेल्या रुपयांचा जाब मागितला, तर ती ओळ उघडणाऱ्या माणसाला चिन्ह कोणाच्या घरचे हे तेथेच दिसले पाहिजे. त्यासाठी चार अक्षरे जास्त लिहावी लागली तर ती लिहावीत. करारात व्याख्येचे कलम आम्ही याच कारणाने आग्रहाने घालून घेतो.