तिथी पाहून कंबोडियाला



परदेशी सहलीची आखणी आपल्याकडे विमानाच्या तिकिटापासून सुरू होते. कंबोडियाला जायचं असेल, तर मी म्हणेन, आधी भिंतीवरचं कॅलेंडर खाली उतरवा आणि तिथी बघा.

त्याचं कारण आहे. ख्मेर लोकांच्या महिन्यांची नावं ऐका : चेत, पिसाक, चेस, आसात, स्राप. चैत्र, वैशाख, ज्येष्ठ, आषाढ, श्रावण! भाद्रपदाला ते फोत्रबोत म्हणतात, कार्तिकाला कदक. त्यांचा मंगळवार अंगारकाच्या नावाचा आहे. महिनाही आपल्यासारखाच अमावास्येला संपतो. देश आज थेरवादी बौद्ध आहे, सण विहारांत होतात, पण बरेच सण अजून तिथीनेच येतात.

हे मला पहिल्या खेपेला ठाऊक नव्हतं. शाळेला सुट्टी लागली म्हणून आम्ही एप्रिलअखेर गेलो. तिकडे तो सर्वांत तापलेला काळ. सहल कंपनीने अंकोर वाटच्या मंदिराला एकच दिवस दिला होता. पहाटे तळ्याकाठी सूर्योदयाची गर्दी, नऊ-दहा वाजेपर्यंत दगड भाजायला लागलेले. पश्चिमेच्या ओवरीत कुरुक्षेत्राचा शिल्पपट आहे, जवळजवळ 49 मीटर लांब. डावीकडून कौरव, उजवीकडून पांडव चालून येतात आणि मध्यावर एकमेकांना भिडतात. सासूबाई अचानक थांबल्या. "अगं, हे भीष्माचार्य!" वरच्या अंगाला शरपंजरी पडलेले भीष्म त्यांनी कुणी न सांगता ओळखले होते. तेवढ्यात बसकडे चला म्हणून पुकारा झाला. वाटेत त्या काही बोलल्या नाहीत. त्या भिंतीसमोर त्यांना बसू देता आलं नाही, हे मला फार लागलं.

म्हणून दुसऱ्यांदा गेलो ते कार्तिकात. तीन दिवसांचा पास काढला. एका दिवसाला 37 डॉलर पडतात आणि तीन दिवसांना 62, आणि ते तीन दिवस सलगच वापरले पाहिजेत असंही नाही. बाराव्या शतकात दुसऱ्या सूर्यवर्म्याने बांधलेलं हे विष्णूचं मंदिर पश्चिमाभिमुख आहे. म्हणजे ओवरीतल्या या भिंतीवर ऊन येतं ते दुपारनंतर. सकाळची गर्दी तोवर जेवायला गेलेली असते. तेव्हा जा, आत शिरल्यावर उजव्या हाताला वळा. डाव्या हाताला गेलात तर लंकेतलं युद्ध आहे, वानरं राक्षसांना चावे घेतायत. पूर्वेच्या बाजूला समुद्रमंथन. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे हवेत. वरच्या गाभाऱ्याचा जिना उभा चढाचा आहे, वयस्कर माणसांना तिथे आग्रह करू नका.

व्हिसा, चलन, रिक्षा यांत अवघड काही नाही. डॉलर सगळीकडे चालतात. सुट्टे रियेलमध्ये परत मिळतात. मुंबईहून बँकॉक किंवा सिंगापूरमार्गे अंकोर वाटजवळच्या सिएम रीपला पोचता येतं. नवा विमानतळ गावापासून तासाभरावर आहे, पहिल्या संध्याकाळी दुसरं काही ठरवू नका. थायलंडच्या सीमेवर मात्र 2025मध्ये लढाई झाली आहे. तिकडच्या डोंगरावरचं प्रिया विहार मंदिर मनात असेल, तर आपल्या परराष्ट्र खात्याच्या सूचना वाचल्याशिवाय पाऊल टाकू नका.

आता तिथींकडे येते. भाद्रपदाच्या वद्य पक्षात, आपल्या पितृपंधरवड्यातच, त्यांचा प्चुम बेन असतो. यातलं 'बेन' म्हणजे आपलं 'पिंड'. पहाटे, उजाडायच्या आत, विहाराभोवती भाताचे गोळे टाकतात. भुकेले पितर सात विहारांत आपल्या माणसांना शोधत फिरतात, अशी श्रद्धा आहे. 1975 ते 1979 या ख्मेर रूजच्या राजवटीत पंधरा-सतरा लाख माणसं गेली, अनेकांचे देह कुठे पुरले ते घरच्यांना आजही माहीत नाही. त्या देशात हा पंधरवडा किती जड असेल, विचार करा. अखेरीस तीन दिवस सरकारी सुट्टी असते, सगळे गावी जातात, गाड्या मिळत नाहीत. सहलीसाठी हे दिवस टाळावेत. त्या काळात तिथे असलातच, तर लांब उभे राहा आणि कॅमेरा पिशवीत ठेवा.

जायचं ते दिवाळी आटपून, त्रिपुरी पौर्णिमेच्या बेताने. पावसाळ्यात मेकाँग इतकी फुगते की तिचं पाणी तोन्ले साप नदीतून उलटं वर चढतं आणि तोन्ले साप सरोवर कित्येक पटींनी पसरतं. पाऊस ओसरला की नदी पुन्हा दिशा बदलते. त्याच सुमाराला पौर्णिमेला जलोत्सव होतो. 2025मध्ये आपली त्रिपुरी पौर्णिमा 5 नोव्हेंबरला होती, त्यांचा उत्सव 4 ते 6. त्यांचा अधिकमास नेहमी आषाढाचाच असतो, त्यामुळे तारीख एकदा ताडून पाहावी. राजधानी प्नॉम पेन्हला लांबलचक होड्यांच्या शर्यती लागतात, पण 2010मध्ये तिथल्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन साडेतीनशेच्या आसपास माणसं दगावली. लहान मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असतील, तर मी सिएम रीपच सुचवीन. सरोवरातली कांपोंग प्लुकसारखी गावं एप्रिलमध्ये उघड्या खांबांवर टांगल्यासारखी दिसली होती. आता पाणी घरांच्या जमिनीला टेकलं होतं आणि शाळेतली मुलं होडीतून घरी चालली होती.

पौर्णिमेच्या रात्री आम्ही मुक्कामाजवळच्या विहारात गेलो. चंद्रापुढे केळी, शहाळं आणि एका टोपलीत अंबोक मांडलं होतं. चंद्राला हात जोडून झाल्यावर एका आजीबाईंनी आमच्या ओंजळीत ते घातलं. नवा भात भाजून, उखळात कांडून केलेले पोहे! सासूबाईंचं माहेर कोकणातलं, लहानपणी त्यांनी घरी मुसळ धरलेलं. त्यांनी चार दाणे तोंडात टाकले, सावकाश चावले आणि त्या आजींकडे बघून कांडण्याची खूण केली. आजींनीही मुसळ दोन्ही हातांत धरल्यासारखं करून दाखवलं. मग दोघी कितीतरी वेळ पायरीवर शेजारी शेजारी बसून होत्या.