विस्थापित मुलांची शाळा आणि आपला पैसा

(संस्थेच्या वार्षिक समारंभातील भाषण)



आजचा विषय ऐकून काही मंडळींना नवल वाटेल. आपल्याच मुलांची फी भरताना नाकी नऊ येतात, मग घरदार सुटलेल्या परक्या मुलांच्या शिक्षणाची चर्चा इथे कशाला? ‘अव्वल खेश, बाद दरवेश’ ही म्हण आपल्या घराघरांत आहे. म्हण खरी आहे. पण तिच्यात दरवेशाचा नंबर नंतर लागतो एवढेच सांगितले आहे. तो लागूच नये, असे सांगितलेले नाही.

मदिनेच्या मशिदीतील सुफ्फा आपणां सर्वांना ठाऊक आहे. मक्केहून घरदार सोडून आलेली, निवारा नसलेली माणसे त्या ओट्यावर राहत आणि तिथेच शिकत. मदिनेचे बागायतदार त्यांच्यासाठी खजुराचे घोस आणून मशिदीच्या खांबांजवळ टांगीत. काही जण मात्र किडके, वाळलेले घोस आणून टांगू लागले. हदीसच्या ग्रंथांत असे नमूद आहे की, चांगले तेच द्या, टाकाऊ देऊ नका, ही कुरआनातील ताकीद याच प्रसंगी आली. फाटकी पुस्तके आणि विटलेले गणवेश ‘गरिबांसाठी’ म्हणून शाळेत पाठविणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

आता आजच्या काळाकडे वळू. पॅलेस्टिनी निर्वासितांसाठी संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर १९४९ मध्ये एक स्वतंत्र संस्था स्थापन केली. मे १९५० मध्ये तिचे काम सुरू झाले. जॉर्डन, लेबनॉन, सीरिया, पश्चिम किनारा आणि गाझा येथे मिळून तिच्या सातशेच्या आसपास शाळा आणि पाच लाखांहून अधिक विद्यार्थी होते. पुष्कळ शाळा दोन पाळ्यांत चालत. शिकविणारे शिक्षक बहुतेक स्वतः निर्वासितच. मुलींची संख्याही मुलांच्या बरोबरीने होती. जमीन गेली, घर गेले, पण विद्या कोणाला हिरावून घेता येत नाही, हे त्या आईबापांनी ओळखले होते.

परंतु या संस्थेचा जवळजवळ सर्व खर्च देशांच्या ऐच्छिक देणग्यांवर चालतो आणि त्यातील निम्म्याहून अधिक शिक्षणावर होतो. अमेरिकेने २०१७ साली सुमारे ३६ कोटी डॉलर दिले होते. २०१८ साली ती रक्कम ६ कोटींवर आणून पुढे मदतच थांबविली. नवे शालेय वर्ष वेळेवर सुरू होईल की नाही, याची धास्ती पडली. इतर देश पुढे आले, म्हणून शाळा उघडल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये युद्ध पेटल्यावर गाझातील सुमारे तीन लाख विद्यार्थ्यांच्या शाळा बंद पडल्या आणि वर्गखोल्यांत बेघर कुटुंबे राहू लागली. जानेवारी २०२४ मध्ये अनेक देशांनी देणग्या रोखल्या. बहुतेकांनी पुढे त्या पुन्हा सुरू केल्या, अमेरिकेने केल्या नाहीत.

यातून आपण काय शिकावे? इमारत एकदा बांधावी लागते, पगार दर महिन्याला द्यावा लागतो. इमारतीवर संगमरवरी पाटी लावून नाव कोरता येते, पगारावर नाव कोरता येत नाही. म्हणून इमारतीला दाते मिळतात आणि आतला वर्ग शिक्षकावाचून रिकामा राहतो. आपल्या पूर्वजांनी वक्फ निर्माण केले ते याचसाठी. मूळ मालमत्ता कायम ठेवायची आणि तिचे उत्पन्न खर्च करायचे.

विस्थापित समाज स्वतःच्या हिमतीवर किती उभा राहतो, याचे उदाहरण आपल्या मुंबईतच आहे. फाळणीनंतर आलेल्या सिंधी बांधवांपैकी प्राचार्य के. एम. कुंदनानी आणि बॅरिस्टर होतचंद अडवाणी यांनी १९४९ साली वांद्र्याला नॅशनल कॉलेज सुरू केले. कल्याणच्या छावण्यांत लोक नीट स्थिरावलेही नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. पुढे त्या कॉलेजात सर्व जातिधर्मांची मुले शिकली. निर्वासितांच्या शिक्षणावर घातलेला पैसा साऱ्या शहराला परत मिळाला.

आता आपल्या तिजोरीकडे पाहू. जकातीच्या आठ हक्कदारांत मुसाफिर आहे, गरीब आहे, कर्जात बुडालेला आहे. घर सुटलेले मूल यांत सहज बसते. मात्र बहुतेक आलिमांच्या मते जकातीचा पैसा हक्कदाराच्या मालकीचा व्हावा लागतो. त्यातून पात्र मुलाची फी, पुस्तके, शिष्यवृत्ती देता येते. इमारत किंवा सर्वांसाठीच्या शिक्षकांचा पगार देता येत नाही. त्यासाठी लिल्लाहची रक्कम हवी. म्हणून दोन्हींचे हिशेब वेगळे ठेवलेच पाहिजेत. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयानेही २०१९ साली जकातीसाठी स्वतंत्र निधी सुरू केला आहे. ज्यांना व्यक्तिशः परदेशातील मुलांसाठी द्यायचे असेल, त्यांनी कायदा आणि संस्थेचा हिशेब नीट पाहून जरूर द्यावे. पण आपल्यासारख्या नोंदणीकृत धर्मादाय संस्थेने देशाबाहेर खर्च केला, तर प्राप्तिकराची सूट सामान्यतः जाते. तेव्हा संस्थेचे कार्यक्षेत्र जवळचेच असले पाहिजे.

आणि जवळ काम थोडे नाही. झोपडी पाडल्याने, दंगलीने, पुराने उठलेली कुटुंबे आहेत. ऊसतोडीला आणि वीटभट्टीवर आईबापांबरोबर जाणारी मुले आहेत. शाळा सोडल्याचा दाखला नाही, जन्माचा पुरावा नाही, म्हणून ती दारातूनच परत जातात. वास्तविक २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला वयाच्या पुराव्यावाचून प्रवेश नाकारता येत नाही, आणि त्याला वयाला साजेशा वर्गात बसवावे लागते. मागे पडलेला अभ्यास भरून काढण्यासाठी शिक्षक लागतो, आणि पैसा लागतो तो तिथे.

विश्वस्तांना माझी विनंती आहे की, या मुलांसाठी एक स्वतंत्र निधी सुरू करावा आणि त्याचा जमाखर्च दरवर्षी याच स्मरणिकेत छापावा. पालकांनी रमजानमध्ये एकदाच मोठी रक्कम देण्यापेक्षा दरमहा थोडी, पण न चुकता द्यावी. शिक्षकाचा पगार तिच्यावरच चालेल. आणि विद्यार्थी मित्रांनो, असे एखादे मूल तुमच्या वर्गात आले, तर त्याला बाकावर जागा द्या. त्याची भाषा वेगळी असेल, कपडे साधे असतील. त्याला हसू नका. मदिनेच्या अन्सारांनी आपल्या घराची निम्मी जागा दिली होती, तुम्हाला निम्मा बाक द्यायचा आहे.